समोरच्या मावशींना, जाहीर आभार

ती. मावशींना सा. न.

समोरच राहता, तरी पत्र लिहितेय आणि तेही चारचौघांत, कारण तुम्ही जे केलंत ते आपल्या रामबागेतल्या बाकीच्यांनाही उपयोगी पडेल.

मुलीच्या फीसाठी कर्ज मागायला गेले, तर बँकेतल्या मॅडमनी सिबिलचा रिपोर्ट, म्हणजे आपल्या नावावरच्या कर्जांची नि हप्त्यांची नोंद, पुढे सरकवला. एका फायनान्स कंपनीचं पर्सनल लोन, हप्ते थकलेले. नाव माझं, पॅन माझा. त्या कंपनीचं नावसुद्धा मी पहिल्यांदाच वाचत होते! पाठोपाठ वसुलीवाल्याचा फोन. "मैडम, दो हज़ार भर दो, सेटल करवा देता हूँ." घरात सगळ्यांचं एकच: देऊन टाक, कटकट मिटेल.

तुम्हीच तेवढ्या आडव्या आलात. "पैसे भरलेस की कर्ज तुझं झालं. वर रिपोर्टात 'सेटल्ड', म्हणजे पूर्ण न फेडता तडजोडीनं मिटवलं, असा शेरा बसेल, आणि पुढचा प्रत्येक बँकवाला आधी तोच वाचेल." बँकेत हयात घालवलेल्या बाईचं बोलणं, म्हणून सगळे गप्प बसले. एरवी आमच्याकडे कोण कुणाचं ऐकतंय!

मग चष्मा चढवून तुम्ही रिपोर्ट हातात घेतलात. मी थकबाकीच्या आकड्याकडेच बघत होते. तुमची पेन्सिल थांबली वैयक्तिक माहितीवर. माझ्या नावाखाली एक मोबाईल नंबर आणि परगावचा पत्ता, दोन्ही अनोळखी. दोन्हींभोवती गोल. कंपनीला पत्रही तुम्हीच सांगून लिहवलंत. मी "कृपया खाते बंद करावे" असं सुरू केलं होतं, ते खोडायला लावलंत. हे कर्ज मी घेतलेलंच नाही. अर्ज, केवायसीचे कागद आणि पैसे कुठल्या खात्यात गेले ते दाखवा, एवढंच मागायचं. सोबत सायबर पोलिसांकडच्या तक्रारीची पोच. सिबिलकडे डिस्प्यूट, म्हणजे नोंद चुकीची असल्याची हरकत, वेगळा. शिवाय सिबिलसारख्याच कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या कंपन्यांचेही रिपोर्ट मागवलेत. वर्षातून एकदा प्रत्येकाकडून पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, हे मला कुठं ठाऊक होतं? तीच नोंद आणखी एका ठिकाणी निघाली.

कंपनीनं कागद काढले, तर सेल्फी भलत्याच बाईची आणि पैसे गेलेलं खातंही माझं नाही. त्यानंतर फार ताणावं लागलं नाही. दोन्हीकडची नोंद गेली, मुलीची फी भरली.

एका बाबतीत मात्र तुमची निराशा झाली. तक्रार ३० दिवसांत निकाली निघाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, हा रिझर्व्ह बँकेचा नियम तुम्ही काढून ठेवला होता. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे धाडायच्या तक्रारीचा मसुदाही तयार होता. कंपनीचं उत्तर मुदतीत आलं, आणि तुमचा चेहरा जरा उतरलेला मी पाहिला, मावशी!

तुमची,
समोरच्या घरातली