जोंधळा आणि ज्वारी

पुणे, 12 सप्टेंबर

प्रिय मनू,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू रडवेली झालीस आणि मी मात्र "जेवलीस का?" एवढंच विचारत राहिले. इथे रात्रीचे साडेआठ आणि तुझ्याकडे मेलबर्नला एक वाजलेला. अशा वेळी कुणाला धड बोलता येतं? म्हणून लिहितेय. समोर एका दिवाळी अंकाची प्रुफं तपासायची पडली आहेत, संपादकांचे दोन फोन येऊन गेलेत. थांबतील थोडे.

तुझं दुखणं मला कळलं ते असं. संपादन-प्रकाशनाच्या अभ्यासक्रमात सरावासाठी मिळालेल्या हस्तलिखितावर तू तीन आठवडे खपलीस, 140 सूचना केल्यास आणि लेखिकेने त्यातल्या जेमतेम 50 मानल्या. वर तू म्हणालीस, "आई, तुझं बरं आहे. तू चुका काढतेस. चूक ती चूक. मला मत द्यावं लागतं."

हे मला जरा लागलं. मग रात्री भांडी घासताना वाटलं, अर्धं खरं आहे.

तू सांगितलंस की तिकडे आधी रचनेचं संपादन, मग भाषेचं, शेवटी मुद्रितशोधन, म्हणजे माझं ते प्रुफांतल्या चुका काढणं, अशी तीन वेगळी कामं धरतात आणि पुष्कळदा ती तीन वेगळी माणसं करतात. ऐकून हेवा वाटला. माझ्याकडे पुस्तक येतं ते "ताई, एकदा नजर फिरवा" म्हणून. नजर फिरवताना दिसतं की सातवं प्रकरण दुसऱ्याच्या आधी हवं होतं. सांगावं तर पानं लागून तयार आहेत. न सांगावं तर रात्रभर डोक्यात भुंगा. मी सांगते. निम्म्या वेळा कुणी ऐकत नाही. पैसे पानामागे मिळतात, भुंग्याचे मिळत नाहीत.

म्हणजे 140 पैकी 50 हा आकडा मला मुळीच वाईट वाटत नाही. उरलेल्या 90 मध्ये काय होतं, ते तू सांगितलं नाहीस. मला त्यातच रस आहे.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नव्हती, कारण लाज वाटते. तू तिसरीत-चौथीत असशील. सोलापूरकडच्या एका बाईंचं आत्मकथन माझ्याकडे आलं होतं. वयस्कर बाई, शाळा चौथीपर्यंत, पण लिहिणं असं की वाचताना चुलीचा धूर डोळ्यांत जावा. त्या कधी 'जोंधळा' लिहायच्या, कधी 'ज्वारी'. मला वाटलं, एकाच पुस्तकात एकाच धान्याला दोन शब्द कशाला? एकवाक्यता हवी. सगळीकडे 'ज्वारी' केलं आणि स्वतःवर खूश झाले. प्रुफं बाईंकडे गेली. त्यांचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता, तेच जास्त वाईट. म्हणाल्या, "ताई, घरात खायला राहिला तो जोंधळा. बाजारात गेली ती ज्वारी. तुम्ही आमचा सगळा जोंधळा बाजारात नेला की हो."

मी पुन्हा पहिल्या पानापासून बसले. खरंच, एकही जागा चुकलेली नव्हती. कणगीत जोंधळा, भाकरीला जोंधळा, आडत्याच्या काट्यावर ज्वारी. आपण काही ठरवून लिहिलंय हे त्यांना स्वतःलाही ठाऊक नसावं. मला ठाऊक असायला हवं होतं. ते माझं काम होतं.

तेव्हापासून मी एक केलं. शब्द बदलायच्या आधी समासात पेन्सिलीने प्रश्न लिहायचा. 'हे असंच हवं का?' बस. तुमच्या वर्गात त्याला रीतसर नाव आहे, प्रश्नांची वेगळी यादी करतात, हे तू सांगितलंस तेव्हा मला हसू आलं. आणि तो तक्ताही, ज्यात प्रत्येक पुस्तकाचे ठरवलेले शब्द लिहून ठेवतात, तो माझ्याकडे 1998 पासून आहे. त्याला मी 'वही' म्हणते. 'महाराष्ट्रीय की महाराष्ट्रियन', 'आकडे अक्षरी की अंकी', 'बोलीतले शब्द अवतरणात घ्यायचे का'. त्यातल्या शेवटच्या प्रश्नापुढे मी नंतर मोठ्ठं 'नाही' लिहून दोनदा अधोरेखित केलं आहे. आपल्या माणसांच्या बोलण्याला चिमट्याने उचलायचं नसतं.

आता माझी एक खरी शंका, तुझ्या सरांना-बाईंना विचार. तुमच्या विद्यापीठाचं ते ग्रॅटन स्ट्रीट प्रेस, जे विद्यार्थीच चालवतात, तिथे वसाहतकाळातल्या जुन्या ऑस्ट्रेलियन कादंबऱ्या पुन्हा छापतात ना? जुन्या लेखनाचं काय करतात? माझ्यापुढे हा पेच दर दोन वर्षांनी येतो. आपल्याकडे 1962 साली साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम सरकारने मान्य केले, 1972 मध्ये आणखी चारांची भर पडली. त्याआधीच्या पुस्तकांत 'घरांत', 'नाहीं' असे न उच्चारले जाणारे अनुस्वार भरलेले असतात. प्रकाशक म्हणतात, काढून टाका, आजची मुलं अडखळतात. मी बहुतेकदा काढते. पण कविता असली की हात थांबतो. आणि जुन्या माणसाच्या पत्रांना तर मी अनुस्वाराचाही धक्का लावत नाही. यामागे नियम काय, विचारशील तर मला सांगता येणार नाही. तिकडे कुणी नीट मांडलं असेल तर लिहून कळव.

कॉपीराइटच्या हक्कांचा भाग मात्र मन लावून शिक, ते आपल्याकडे कुणी शिकवत नाही. लेखक गेल्यावर आपल्याकडे 60 वर्षं आणि तिकडे 70 वर्षं हक्क राहतो, एवढंच मला माहीत. पण भाषांतराचा हक्क, ध्वनिपुस्तकाचा हक्क हे वेगवेगळे विकता येतात, हे आपल्या कितीतरी लेखकांना सही करून झाल्यावर कळतं. बिचारे घरी येऊन चहा पितात आणि माझ्याकडे बघतात, जसं काही करार मीच लिहिला.

'तुम्ही लोक लेखकाला जास्तच डोक्यावर घेता' असं बाबा म्हणतात. तेही एक टोक. संपादकाने बोलायचंच नाही असं नव्हे. 'सत्यकथा' मासिकाचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांना लांबलचक पत्रं लिहून कथा पुन्हा लिहायला लावायचे, आणि माणसं लिहायची. पुढे 1969 मध्ये तरुण कवी-लेखकांनी त्याच 'सत्यकथे'ची होळी केली. मला दोन्ही बाजू पटतात. इतकं मनापासून वाचणारा संपादक मिळणं भाग्याचं, आणि एकाच घरच्या आवडीने सगळं साहित्य गाळलं जाणं गुदमरवणारं. तू कुठे उभी राहशील हे आत्ताच ठरवू नकोस.

प्रसिद्धी आणि संवादाच्या विषयांना मात्र नाक मुरडू नकोस. फोनवर तू 'ते मार्केटिंगवालं' म्हणालीस, त्यात माझाच सूर ऐकू आला. मी जन्मभर पाठमजकूर, म्हणजे पुस्तकाच्या मागच्या बाजूचा परिचय, ही शेवटी घाईत उरकायची गोष्ट असं मानलं. त्या सोलापूरच्या बाईंचं पुस्तक हजार प्रतींचं होतं. त्यातले गठ्ठे कित्येक वर्षं गोदामात पाहिलेत मी. मजकूर निर्दोष होता. कुणाला कळलंच नाही की असं काही आहे.

मेलबर्नला युनेस्कोने 2008 साली साहित्यनगरी म्हटलं, तू अभिमानाने सांगतेस. आपल्या देशात तो मान सर्वांत आधी केरळातल्या कोझिकोडला मिळाला, 2023 मध्ये. आपल्या पेठांतल्या काही मंडळींनी ती बातमी वाचलीच नाही, असं दाखवलं.

तुझ्या शिक्षणाच्या कर्जाची काळजी बाबांवर सोड. ते वहीत हप्ते मांडत बसतात, त्यांना त्यात बरं वाटतं. मीही मुखपृष्ठाच्या प्रुफावर आयएसबीएनचे, म्हणजे पुस्तकाच्या तेरा आकडी ओळखक्रमांकाचे, पहिले बारा आकडे आळीपाळीने एक आणि तीनने गुणून, बेरीज करून, तेरावा बरोबर येतो का ते बोटांवर मोजतेच. डीटीपीवाला म्हणतो, संगणक बघतो ताई. संगणकानेच एकदा नऊचा सहा केला होता, तो मला सापडला.

तर आता असं कर. त्या न मानलेल्या 90 सूचना काढ आणि पुन्हा वाच. कुठे तू चूक दाखवली होतीस, कुठे आवड लादली होतीस आणि कुठे तुझंच बरोबर होतं पण विचारायच्या ऐवजी सरळ बदललंस, तेवढं बघ. तिसऱ्या प्रकारच्या असतील त्या लेखिकेला परत पाठव, प्रश्न करून. मला त्यातल्या पाच तरी वाचायला दे. इंग्रजी माझं बेताचंच आहे, पण प्रश्न कसा विचारलाय ते कळेल.

मेतकूट पाठवणार होते, पण तिकडे बाहेरून येणाऱ्या खाण्याच्या वस्तू फार कडक तपासतात म्हणे, म्हणून राहिलं. त्याऐवजी वहीच्या पानांचे फोटो बाबा उद्या पाठवतील. माझं अक्षर लागलं नाही तर फोन कर, पण दुपारी.

तुझी,
आई