अंकल, हे पत्र तुम्हाला

अंकल, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. दोन तास बरोबर हिंडलो. तुम्ही मला अंकल म्हणत होतात आणि मी तुम्हाला. दोघेही सत्तरी ओलांडलेले, त्यामुळे कोण कुणाचा काका हे काही ठरलं नाही. खूण सांगतो. सिंगापूरला लेकीकडे आलेला, बुद्धाच्या दाताच्या मंदिराशेजारी तुमच्या बुद्धिबळाच्या पटापाशी पत्त्याची चिठ्ठी हातात धरून घुटमळणारा तो मी. चायनाटाउन बघायला म्हणून आलो, तर समोर मारिअम्मनचं गोपुर आणि त्याच रस्त्यावर मशीद. मग चिनी वस्ती आहे तरी कुठे? तुम्ही चालू डाव टाकून उठलात. डाव टाकून उठणं काय असतं, हे बुद्धिबळाचा नाद असलेल्या माणसाला कळतं.

तुम्ही सांगितलंत तेव्हा उलगडा झाला. रॅफल्स या इंग्रज अधिकाऱ्यानं 1822 मध्ये गावाचा आराखडा करताना नदीच्या या अंगाला चिन्यांना जागा नेमून दिली खरी, पण 1827 मध्ये तमिळ लोकांनी देऊळ उभारलं ते इथेच. या वस्तीचं मलय नाव क्रेता आयर, म्हणजे पाण्याचा गाडा, आणि चिनी नावही तसंच, बैलगाडीचं पाणी. बैलगाड्यांनी पाणी यायचं त्या वस्तीचं नाव मला एकदम ओळखीचं वाटलं. तेलोक आयर रस्त्यावरच्या माझू या चिनी समुद्रदेवीच्या देवळापुढे एकेकाळी समुद्र होता, हे मात्र आधी पटेना. समोर उंच इमारती! पण भराव घालण्याआधी लाटा जवळच यायच्या, आणि जहाजातून उतरलेला माणूस जिवंत पोचलो म्हणून पहिला नमस्कार तिथेच करायचा.

सागो लेनला तुम्ही आवाज खाली आणलात. सागो म्हणजे साबूदाणा. साबूदाण्याच्या कारखान्यांवरून नाव पडलेली गल्ली, आणि जवळचं कुणी नसलेली गोरगरीब माणसं शेवटचे दिवस काढायला तिथल्या घरांत येऊन पडायची. 1961 मध्ये ती घरं बंद झाली. यापुढे एकादशीला खिचडी खाताना ती गल्ली आठवणार, त्याला इलाज नाही.

पण मी लिहायला बसलो तो त्या पडवीसाठी. दुकानांपुढच्या पाच फुटी वाटेला तुम्ही काय ते इंग्रजी नाव सांगितलंत. आमच्या कोकणात ती सरळ पडवी. एका खांबापाशी थांबून म्हणालात, इथे पत्रं लिहून देणारा बसायचा. छोटं टेबल, शाई, कुंचला. तुमची मावशी डोक्याला लाल फडकं बांधून इमारतींच्या कामावर माती वाहायची. तिला अक्षरओळख नव्हती. गावी पैसे पाठवायचे की तुम्हाला बोटाला धरून इथे यायची. ती भडाभडा सांगायची आणि कागदावर उतरायचं एवढंच : मी बरी आहे, पैसे पाठवले आहेत, काळजी नसावी. खांद्याला पडलेला घट्टा पत्रात कधी आला नाही, असं म्हणून तुम्ही स्वतःचा खांदा दाबून दाखवलात.

अंकल, तेव्हा मी गप्प झालो ते दमलो म्हणून नव्हे. राजापूरकडच्या एका लहानशा पोस्टात माझी सगळी नोकरी झाली. मुंबईच्या गिरण्यांतून चाकरमान्यांच्या मनीऑर्डरी यायच्या. खालच्या कुपनावरच्या दोन ओळी मीच वाचून दाखवायचा, अंगठा मीच घ्यायचा आणि उलट पत्रही मीच लिहायचा. एक म्हातारी सांगायची, गाय गेली, पावसात मांगर बसला. मी लिहायला लागलो की हात धरायची. "नको रे, ता नको लिहू. तो थंय एकटो आसा. सगळा बरा आसा म्हणान लिही."

इतकी वर्षं मला वाटे, ही आमच्या गावची रीत.

इंग्रजीत एवढं मला सांगता आलं नसतं, म्हणून थँक यू म्हणून हात हलवला आणि गाडीत बसलो. माझ्या चिठ्ठीवरचा पत्ता बघून तुम्ही सहा थांबे बोटांवर मोजून दिले होते, ते बरोबर निघाले. कॉफीचे पैसेही तुम्हीच दिलेत. बिनदुधाची, कोपी-ओ. जरा गोडच होती.

लेक येत्या रविवारी तुमच्या पटापाशी येईल आणि हे पत्र इंग्रजी करून वाचून दाखवील. तिला बजावलंय, पदरचं घालू नकोस, गाळूही नकोस. वाचणावळ म्हणून तिला एक कोपी पाजा. आणि तो अर्धा राहिलेला डाव कोण जिंकलं, ते तिच्याकडून लिहून पाठवा.

तुमचा,
चिठ्ठीवाला अंकल