मणक्यातल्या स्क्रूचं स्टिकर रुग्णाला द्या

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
स.न.वि.वि.

मी एमआरआय तंत्रज्ञ आहे. मणक्याचं ऑपरेशन झालेला माणूस पायात पुन्हा कळा यायला लागल्या की आमच्याकडे येतो. आत काय बसवलंय, असं विचारलं तर म्हणतो, "रॉड-स्क्रू." डिस्चार्ज कार्डावरही बहुधा तेवढंच असतं.

आम्हाला तेवढ्यावर भागत नाही. टायटॅनियम असेल तर चित्र बरं येतं. स्टेनलेस स्टील असेल तर आजूबाजूचं सगळं काळ्या डागात बुडतं. धातूचा हा त्रास ३ टेस्लाच्या मशीनवर १.५ टेस्लापेक्षा जास्त (टेस्ला म्हणजे मशीनच्या चुंबकाच्या ताकदीचं माप). (नवं मशीन म्हणजे चांगलं चित्र, हा समज इथे उलटा पडतो.) स्क्रू सैल झालाय का, हाड जुळलंय का, हे पाहायचं तर मुळात सीटी हवा.

स्क्रू नसलेल्या, फक्त गादीचा तुकडा काढलेल्या रुग्णाचं कोडं वेगळंच. नस दाबतंय ते काय, पुन्हा सरकलेली गादी की ऑपरेशनचा व्रण? साध्या एमआरआयवर दोन्ही सारखेच दिसू शकतात. शिरेतून गॅडोलिनियम (एमआरआयमध्ये भाग उजळून दाखवणारं औषध) दिलं की रक्तपुरवठा असलेला व्रण लगेच उजळतो, गादीचा तुकडा मात्र पहिल्या काही मिनिटांत काळाच राहतो, फार तर कडेने उजळतो. उशीर केला तर तोही औषध शोषतो आणि फरक पुसला जातो. तुकडा असेल तर पुन्हा ऑपरेशनचा विचार होतो; नुसत्या व्रणावर पुन्हा चाकू लावून सहसा काही हाती लागत नाही. एवढं सगळं त्या काही मिनिटांवर ठरतं, आणि चिठ्ठीवर मात्र "एमआरआय कंबर" एवढंच. ऑपरेशनचा उल्लेखच नाही, मग गॅडोलिनियम देण्याआधी किडनीसाठी बघायची क्रिएटिनिनची रक्ततपासणी कुठून असणार? रुग्ण भाडं खर्चून परत जातो.

इम्प्लांटच्या, म्हणजे आत बसवायच्या स्क्रू-रॉडच्या, पाकिटावर तो नेमका कोणता हे सांगणारं स्टिकर असतं. ते रुग्णालयाच्या कागदांत चिकटवलं जातं. ज्याच्या पाठीत स्क्रू आहे त्याला मिळत नाही.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. मणक्याच्या प्रत्येक दाव्यासाठी एक अट घाला: स्टिकरची प्रत, ऑपरेशनची तारीख, कितवा मणका, कोणती बाजू, हे डिस्चार्ज कार्डावर हवं आणि ऑपरेशनआधीच्या एमआरआयची सीडी रुग्णाच्या हातात हवी. त्या कार्डाचा फोटो जोडल्याशिवाय दावा मंजूर करू नका. योजनेबाहेरच्या रुग्णालयांचं नंतर बघता येईल.

आपला,
एक एमआरआय तंत्रज्ञ