चुनाले येळ लागस

आदरणीय आप्पा,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवाच्या पावसात तुम्ही दुरुस्त केलेल्या बागेतल्या बारवेचं पाणी सात पायऱ्या वर चढलं. एकही दगड हलला नाही. ते बघून आलो आणि लगेच हे पत्र लिहायला बसलो.

पूर्वी कुणीतरी तिच्या दगडांच्या सांध्यांमध्ये सिमेंट भरलं, कोनाड्यांना ऑइल पेंट फासला, तेव्हा आम्हा सकाळी फिरणाऱ्यांना बारव नवी झाल्यासारखी वाटली होती. दोन पावसाळ्यांत दगडांचे पोपडे निघाले. तुम्ही आलात, एकेक दगड हातोडीने हळूच वाजवला आणि बद्द आवाज आला तिथे खडूने फुली मारली. सिमेंट ओल बाहेर पडू देत नाही, मग ती दगडातून वाट काढते आणि सोबतचा क्षार दगडाचा थर उकलतो, हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

आम्हाला एप्रिलातच काम उरकायचं होतं. तुम्ही एवढंच म्हणालात, "भाऊ, चुनाले येळ लागस." आपल्याकडच्या 43-44 अंशांच्या उन्हात चुना धरण्याआधीच वाळतो, तडकतो. म्हणून दिवाळीपर्यंत थांबलात. तोवर कळीचा चुना हौदात भिजत राहिला. पुढे त्यात वाळू, गुळाचं पाणी, बेलफळाचा गर पडला.

बारवेच्या दगडांत उगवलेल्या पिंपळाचंही तसंच. आम्ही दरवर्षी तो वरून छाटायचो आणि आत मूळ जोर धरायचं. तुम्ही दोन थर दगड क्रमांक घालून उतरवले, मूळ काढलं आणि प्रत्येक दगड जिथल्या तिथे बसवला.

मजुरी मिळाली तिथे तुमचं काम संपलं होतं. तरी पुढचे पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ सायकलवर येऊन तुम्ही सांध्यांवरचे गोणपाट भिजवत होतात. त्याचे पैसे तुम्हाला कुणी दिले नाहीत, तुम्ही मागितलेही नाहीत. आप्पा, त्यासाठी तुमचे मनापासून आभार.

पारोळ्याचा 1727 चा किल्ला, थाळनेरच्या फारुकी सुलतानांच्या कबरी लोकांना माहीत आहेत. आमच्या बारवेचं नाव कुठल्याच यादीत नाही. तिला तुमच्यासारखा माणूस भेटला म्हणून ती उभी आहे.

बारवेशेजारच्या दगडी छत्रीचं काम यंदा दिवाळीनंतर काढायचं म्हणतो. चुना कालच भिजत घातलाय. पाणी बरोबर पडलंय का, एकदा येऊन बघून जा.

तुमचा,
बागेत रोज फिरणारा एक मास्तर