पाच मनोऱ्यांचं चर्च आणि तुमच्या नातीचं नाव

कालुंडबोर्ग, डेन्मार्क

ती. आई-आबांना,
सा. न.

छकुलीचं नाव चर्चच्या कार्यालयात नोंदवलं म्हटल्यावर आईचा आवाज एकदम बारीक झाला. आई, तिचा बाप्तिस्मा वगैरे काही झालेला नाही. दक्षिण जटलंडचा थोडा भाग सोडला तर या देशात जन्माची नोंद त्या-त्या भागातल्या चर्चचं कार्यालयच ठेवतं. मूल कुठल्याही धर्माचं असो. नाव सहा महिन्यांच्या आत कळवायचं, बस्स. आपल्याकडे नगरपालिका करते तेच काम. बारसं तुम्ही आल्यावरच, पाळण्यासकट.

आता आबांसाठी. इथलं मुख्य चर्च पाहिलं की मला आपला गोंदेश्वरच आठवतो. तिथे मधल्या देवळाभोवती चार लहान देवळं, तसा इथे मधे चौकोनी मनोरा आणि चार बाजूंना चार अष्टकोनी. मधल्याला मेरीचं नाव आणि बाकीच्या चौघांनाही एकेका संत स्त्रीचं. खालचा आराखडा सारख्या लांबीच्या चार हातांच्या क्रुसाचा. डेन्मार्कमध्ये असं दुसरं चर्च नाही. ही कल्पना कुठून आली यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही.

हे गाव वसवलं एस्बर्न स्नारे नावाच्या सरदारानं, ११७०च्या सुमारास. कोपनहेगनचा संस्थापक मानला जाणारा बिशप अब्सालोन हा त्याचा भाऊ. चर्चही एस्बर्ननंच बांधलं असं परंपरा सांगते. काही जण ते त्याच्या मृत्यूनंतरचं, १३व्या शतकातलं मानतात. एवढं खरं की तेव्हा या देशात भाजलेली वीट नवीनच होती. त्याआधीची चर्चं बहुतेक शेतातले धोंडे गोळा करून बांधलेली. इथल्या लाल विटा आपल्या विटेपेक्षा लांब आणि जाड आहेत. जवळ जाऊन पाहिलं तर दोन विटा एकसारख्या नाहीत, आणि मधे चुन्याचे जाड सांधे.

गावातली गोष्ट मात्र वेगळीच. एस्बर्ननं म्हणे बांधकामाचा ठेका एका ट्रोलला, म्हणजे राक्षसालाच, दिला. अट अशी की काम पुरं होईपर्यंत त्याचं नाव ओळखायचं, नाहीतर एस्बर्नचे डोळे आणि काळीज राक्षसाचं. काम संपत आलं, अर्धाच खांब उरला, आणि नावाचा पत्ता नाही. हताश होऊन एस्बर्न एका टेकाडावर पडला, तर आतून राक्षसीण पोराला गप्प करत होती: उगी राहा, उद्या तुझा बाप फिन येईल, एस्बर्नचे डोळे आणि काळीज खेळायला आणेल. एस्बर्न धावत गेला आणि त्यानं राक्षसाला नावानं हाक मारली. संतापलेला फिन हातातला अर्धा खांब घेऊन पसार झाला. म्हणून चर्च साडेतीन खांबांवर उभं आहे, असं सांगतात.

मी आत जाऊन पाहिलं. ग्रॅनाइटचे चार खांब आहेत, चारही पुरे. पण १८२७मध्ये मधला मनोरा खरोखरच कोसळला, तेव्हा गावकऱ्यांना फिन आठवला नसेल तर नवल! पुढे चाळीसेक वर्षं चर्चला चारच मनोरे होते; मधला १८७१मध्ये पुन्हा उभा राहिला. आज दिसतं ते रूप बरंचसं १९१७ ते १९२१च्या जीर्णोद्धारातलं, मोगेन्स क्लेमेन्सेन या वास्तुविशारदाच्या देखरेखीखालचं. जीर्णोद्धार म्हटल्यावर आबांच्या कपाळावर आठ्या पडतील. पण इथे ऑइलपेंट फासलेला नाही, विटा विटांसारख्याच दिसतात. मला तरी काम आवडलं.

जवळच किल्ल्याचे थोडे अवशेष आहेत. पदच्युत राजा दुसरा ख्रिश्चन तिथे नजरकैदेत होता आणि १५५९मध्ये तिथेच वारला. किल्ला पुढे स्वीडनबरोबरच्या युद्धात गेला. पाहण्यासारखं फार काही उरलेलं नाही, त्यासाठी आबांनी कॅमेऱ्याची बॅटरी घालवू नये.

जावईबापूंना कारखान्यातून जुलैत सुट्टी मिळेल, तेव्हा तुम्ही जूनअखेरीलाच या. चर्चभोवतीचे जुने रस्ते गोट्यांचे आहेत आणि चढाचे. आईच्या चपला इथे चालायच्या नाहीत, जाड तळव्याचे बूट तिकडूनच घ्या. मेतकूट आणि बाळंतशेपा विसरू नका.

तुमची,
सुमी