सेतूतल्या ताईंचे आणि रियाधमधल्या भाऊंचे मनापासून आभार

माझा लहान भाऊ रियाधमध्ये अटकेत होता. मालकानं पासपोर्ट ठेवून घेतला, वर ‘हुरूब’, म्हणजे कामगार पळाल्याची तक्रार केली. यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यात बसून आम्ही कोणाला सांगणार? तालुक्याच्या सेतू केंद्रातल्या ताईंनी परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार भरून दिली. मधातच लाइन गेली. मोबाइलच्या उजेडात पासपोर्टची चुरगळलेली झेरॉक्स तळहातानं सरळ करत त्यांनी एकेक आकडा मायकडून ताडून घेतला. पैसे घेतलेच नाहीत. तिकडं एक अनोळखी मल्याळी भाऊ आउटपाससाठी, म्हणजे पासपोर्टशिवाय मायदेशी परतायच्या कागदासाठी, दूतावासात खेटे घालत राहिले. आमच्या पोराला चप्पल नेऊन दिली, मायशी बोलणं करून दिलं. तो आता घरी आहे. ताई, भाऊ, एकदा जेवायला या. माय वाट पाहते आहे.