आणीबाणीतला बोनस आणि तुमची संहिता : केंद्रीय कामगार मंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय श्रम व रोजगार मंत्री यांस,
स.न.वि.वि.

२५ जूनला तुमचं सरकार ‘संविधान हत्या दिवस’ पाळतं. पाळावाच. त्या दिवशी तुरुंगात गेलेल्या पुढाऱ्यांची आठवण निघते, सेन्सॉर झालेल्या वर्तमानपत्रांची निघते. कामगाराच्या खिशात सरकारने घातलेला हात मात्र कुणाच्या भाषणात येत नाही.

२५ सप्टेंबर १९७५ ला, दिवाळीच्या तोंडावर, वटहुकूम निघाला आणि किमान बोनस ८.३३ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आला. महिना ३०० रुपयेवाल्याला एक अख्खा पगार मिळायचा, त्याचे १४४ रुपये झाले. पोरांचे कपडे, गावची मनीऑर्डर, वाण्याची उधारी, सगळं त्याच पगारावर बेतलेलं. संप करावा तर मिसा, म्हणजे खटल्याशिवाय तुरुंगात डांबणारा कायदा. शिवाय मे १९७४ चा रेल्वे संप कसा मोडला, ते सगळ्यांनी पाहिलेलं. आणि त्याच सरकारच्या वीस कलमी कार्यक्रमात उद्योगात कामगारांचा सहभाग हेही एक कलम होतं! कमिटीत खुर्ची द्यायची, बोनस कापताना विचारायचं नाही.

कामगारकपातीला सरकारची परवानगी सक्तीची झाली तीही आणीबाणीतच, १९७६ साली, हे मान्य केलं पाहिजे. तेव्हा ती ३०० कामगारांच्या कारखान्यांपासून लागू होती, पुढे १०० पासून झाली. तुमच्या औद्योगिक संबंध संहितेने, म्हणजे संप आणि कामगारकपातीच्या नव्या कायद्याने, ही मर्यादा पुन्हा ३०० केली. आणीबाणीतला नेमका हाच आकडा बरा आवडला तुम्हाला.

ही संहिता सप्टेंबर २०२० मध्ये विरोधकांचा बहिष्कार असताना राज्यसभेत मंजूर झाली आणि २१ नोव्हेंबर २०२५ ला लागू झाली. आता १४ दिवसांची नोटीस दिल्याशिवाय संप नाही. नोटीस दिली की समेटाची बोलणी सुरू, आणि बोलणी चालू असताना संपाला बंदी. निम्म्या कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा टाकली तर तोही संपच. मग कायदेशीर संप करायचा तरी कधी, साहेब?

सरकार, मालक आणि कामगार एकत्र बसतात ती भारतीय श्रम परिषद १९४२ पासूनची. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं सांभाळत होते, तेव्हाची. जुलै २०१५ च्या ४६ व्या परिषदेनंतर संहिता लागू होईपर्यंत ती एकदाही भरली नाही. ती बोलवा. विषयपत्रिकेवर पहिला विषय संपाच्या अटींचा ठेवा, आणि तुम्हाला न पटणाऱ्या संघटनांनाही निमंत्रण धाडा.

कळावे,
मुंबईतला एक निवृत्त कामगार